न झालेली नोंद

सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये दोन माणसं रस्त्यात भेटली की पहिला प्रश्न असतो, "किती फूट?" कशाचे फूट, हे कुणी विचारत नाही. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. तिथल्या पट्टीवर पाणी ४० फुटांना लागलं की इशारा आणि ४५ ला लागलं की धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि पावसाळ्यात माझी ड्यूटी पूरनियंत्रण कक्षात लागायची. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, वारणेचं किती येतंय, पुलापाशी पातळी किती, हे तासातासाला रजिस्टरमध्ये लिहायचं आणि फोन येईल त्याला सांगायचं. तीसेक वर्षं मी हे काम केलं. माझ्या रजिस्टरमध्ये खाडाखोड सापडायची नाही.

अण्णांचं औषधाचं दुकान मारुती चौकाच्या अलीकडे. त्यांच्याकडेही एक रजिस्टर असायचं. त्यात माझं नाव तीन वेळा आलं. चौथ्यांदा ते लिहायला त्यांनी नकार दिला. त्या नकाराचं ऋण माझ्यावर आहे. फेडायचा विचार मी केव्हाच सोडला. निदान लिहून ठेवावं, एवढ्यासाठी हे.

मला घोर कधीपासून लागला, हे नेमकं सांगता येणार नाही. चाळिशीनंतर तो वाढला, हे मात्र खरं. मुलगी पुण्याला नोकरीला लागली. तिने फोन उचलला नाही तर तिसरी रिंग संपेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे दवाखान्याचा व्हरांडा उभा राहायचा. तिचा फोन आला, आवाज ऐकला, की दहा मिनिटं बरं वाटायचं. मग गॅसचा रेग्युलेटर. तो बघून आलो की बँकेच्या कागदावरची सही. सही आठवली की आईचं बीपी. एक काळजी मिटली की तिच्या जागेवर दुसरी येऊन बसायची, जागा म्हणून रिकामी राहत नसे. रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. मान आणि खांदे लाकडासारखे झालेले. सकाळी उठलो की दाढा ठणकायच्या, कारण रात्रभर दात आवळलेले असायचे. त्या दाढांसाठीसुद्धा मी दोनदा दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आलो होतो.

कचेरीत कुणाला याचा पत्ता नव्हता. उलट चोख माणूस म्हणून माझं नाव होतं. एक आकडा मी तीन-तीनदा पडताळायचो, त्याचं साहेबांना कौतुक वाटायचं. तो चोखपणा कशातून येत होता, ते मला ठाऊक होतं. म्हणून ते कौतुक मला कधी पचलं नाही.

आईला मात्र कळलं होतं. "मन चिंती ते वैरी न चिंती रे," असं म्हणून ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची. ती मला नरसोबाच्या वाडीला घेऊन जायची. वाडीला पूर येतो तेव्हा कृष्णा देवळात शिरते, दत्ताच्या पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दरवाजाने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करायला गावोगावची माणसं येतात. आई त्या पाण्यात हात जोडून उभी राहायची. मी पायरीवर उभा राहून पाणी कितव्या पायरीला लागलंय ते मोजत असायचो. एकच नदी होती. आईला ती देवाच्या पायांवरून आलेली दिसायची आणि मला ती फक्त चढताना दिसायची.

२०१६ च्या फेब्रुवारीत एका रात्री छाती इतकी धडधडली की हा हार्ट अटॅकच, अशी माझी खात्री झाली. ईसीजी झाला, एको झाला, थायरॉइड झालं, साखर झाली. सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." हे वाक्य आयुष्यात मला जितक्या जणांनी ऐकवलं ते सगळे माझ्या भल्याचेच होते. तरी एक सांगतो. ज्याला घोर लागलाय त्याला त्या वाक्यातून एवढंच ऐकू येतं, की हे तू मुद्दाम घेतो आहेस. म्हणजे त्रासही आपला आणि दोषही आपलाच. तो माणूस मग पुन्हा तोंड उघडत नाही. मीही उघडलं नाही.

डॉक्टरांनी झोपेसाठी दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. अल्प्राझोलम, पाव मिलिग्रॅम. दहा दिवसांच्याच लिहिल्या होत्या, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं जे केलं ते मी केलं. पहिल्या रात्री अशी झोप लागली की सकाळी उठल्यावर मला रडू आलं. दहा दिवस संपले. तीच चिठ्ठी घेऊन मी मार्चमध्ये अण्णांकडे गेलो. एप्रिलमध्ये गेलो. मेमध्ये गेलो. तोवर एका गोळीने भागेनासं झालं होतं. दुपारी चार वाजले की हातांना बारीक कंप सुटायचा आणि मन गोळीच्या डबीकडे धावायचं.

जूनमधली संध्याकाळ होती. पाऊस नुकता सुरू झाला होता. अण्णांच्या काउंटरला दोरीने बांधलेली एक कात्री असायची, गोळ्यांच्या पट्ट्या कापायची. ती हातात धरून त्यांनी माझी चिठ्ठी उजेडात नेली आणि कात्री खाली ठेवली.

"साहेब, ही चिठ्ठी फेब्रुवारीची हाय."

"हो, पण गोळी तीच चालू आहे."

अण्णांनी गल्ल्याखालून रजिस्टर काढलं. झोपेच्या आणि इतर काही औषधांसाठी २०१४ च्या मार्चपासून नियम आहे. पट्टीवर लाल चौकट असते, आणि औषध कुणी लिहिलं, कुणाला दिलं, किती दिलं, हे दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंदवायचं. ती वही तीन वर्षं जपायची. अण्णांनी पानं उलटली आणि एकेका ओळीवर बोट ठेवलं.

"मार्चला दहा. एप्रिलला वीस. मेला तीस." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही पाण्याची माणसं. ही पातळी कुठं चाललीय, तुम्हीच सांगा."

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. माझे कान तापले. अण्णा आवाज खाली आणून म्हणाले, "जुन्या चिठ्ठीवर द्यायचं नसतंय. ओळखीपायी तीनदा दिलं, ती माझी चूक. चौथ्यांदा तुमचं नाव लिहायला माझा हात होत न्हाई."

"मग दुसरीकडे मिळेल," मी म्हणालो. मला फार राग आला होता.

"मिळंल की. सांगलीत दुकानं काय कमी हायत? पण एक ऐका. एकदम बंदबी करू नका, ते वाईट असतंय. घरात किती उरल्यात?"

"चार."

"मग उद्या सकाळी मिरजेला जाऊ. नऊला मी गाडी घेऊन येतो."

मी न बोलता निघालो. रात्री बायकोला एवढंच सांगितलं, की अण्णा सकाळी येतो म्हणालेत, बहुतेक येणार नाहीत. ती म्हणाली, "येतील." पावणेनऊला ते दारात होते. सोमवार होता. औषधाच्या दुकानाला सोमवारची सकाळ म्हणजे काय असते, हे पुढे मी त्यांच्या काउंटरपाशी बसून कितीदा पाहिलं. त्या दिवशी त्यांनी दुपारपर्यंत शटर उघडलं नाही. याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. विश्रामबागेवरून मिरजेपर्यंतच्या दहाएक किलोमीटरमध्ये ते हळदीच्या सौद्यांबद्दल बोलत होते. पाऊस, दर, कुणाचा माल भिजला. माझ्या आजाराचा विषय काढला नाही. मी मागे बसून त्यांच्या ओल्या शर्टाकडे बघत होतो.

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला. मानसोपचार विभागाच्या पाटीखाली बाकडी होती. कुणी ओळखीचं बघेल, या धास्तीने मी भिंतीकडे तोंड करून बसलो. अण्णा शेजारी पेपर वाचत बसले. थोड्या वेळाने मान वळवून पाहिलं. एक पोरगी होती, मांडीवर दोन-तीन महिन्यांचं बाळ. एक कॉलेजचा मुलगा वडिलांबरोबर आलेला. पटकेवाले एक शेतकरी. आणि समोरच्या बाकावर एक माणूस, ज्याला मी आमच्याच कचेरीत बिलासाठी खेपा घालताना नेहमी बघायचो. आमची नजरानजर झाली. दोघांनीही खाली बघितलं. मग तो बाकावर थोडा सरकला आणि म्हणाला, "इकडं पंख्याखाली बसा." त्या तीन शब्दांनी माझी निम्मी लाज गेली.

डॉक्टरांनी बरंच विचारलं. झोप, भूक, दारू, घरात कुणाला असा त्रास होता का. मग विचारलं, "जगू नये, असं कधी वाटतं?" हा प्रश्न तोवर मला कुणी विचारलेला नव्हता. मी म्हणालो, तसं नाही, पण झोपलो की उठूच नये, असं दोन-तीनदा वाटून गेलं. ते त्यांनी शांतपणे लिहून घेतलं. त्या शांतपणाने मला धीर आला. मग त्यांनी नाव सांगितलं, चिंताविकार. बऱ्याचशा दिवशी, किमान सहा महिने, अनेक गोष्टींबद्दल न आवरणारी काळजी, आणि तिच्याबरोबर झोप, स्नायू, एकाग्रता यांची तक्रार. "तुम्हाला सहा महिने झालेत?" मी म्हणालो, "अकरा वर्षं." माझ्याच तोंडून आकडा नेमका आला आणि मी चमकलो. तो कुठून आला, हे समजायला पुढे दोन महिने लागले.

जुनी गोळी एकदम तोडली नाही, काही आठवड्यांत पावला-पावलाने उतरवली. दुसरी सुरू केली, ती इसिटॅलोप्रॅम. तिचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, पहिले काही दिवस मळमळेल, कदाचित बेचैनी वाढेलही, हे आधीच सांगितलं. सांगितलं नसतं तर सहाव्या दिवशी मी ती फेकून दिली असती. सहाव्या दिवशी दुकानात गेलो तर अण्णा म्हणाले, "अजून पंधरा दिवस. मी बसलोय की इथं." रोज संध्याकाळी कचेरीतून घरी जाताना मी त्यांच्या काउंटरपाशी पाच मिनिटं थांबायचो. बोलणं असं काही नसायचं. ते गिऱ्हाईक करायचे, मी बघायचो.

गोळीने घोराचा आवाज खाली आला. पण घोर वागवायचा कसा, हे शिकवलं समुपदेशन करणाऱ्या मॅडमनी. माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी माझं काम विचारलं. मी सांगितलं.

"दोन तासांच्या मध्ये कुणाचा फोन आला तर काय सांगता?"

"मागच्या तासाचं रीडिंग सांगतो. म्हणतो, पुढचं अमुक वाजता."

"मध्येच पुलावर जाऊन बघून येत नाही?"

"नाही. दर फोनला पुलावर पळालो तर रजिस्टर कोण लिहील?"

त्या हसल्या. "मग काळजीचंही तसंच करू. आली की लिहायची. तिचं उत्तर लगेच शोधायचं नाही. रोज संध्याकाळी साडेसहा ते सात, एकाच खुर्चीवर बसून रजिस्टर उघडायचं, तेव्हा बघायचं."

मी दोनशे पानी वही आणली. चार रकाने आखले. तारीख, वेळ, काय होईल असं वाटलं, काय झालं. चौथा रकाना भरल्याशिवाय पान उलटायचं नाही, ही त्यांची अट. पहिल्या आठवड्यात दिवसाला वीस-वीस नोंदी व्हायच्या. साडेसहाला खुर्चीवर बसलो की त्यांतल्या निम्म्या तेव्हाच शिळ्या झालेल्या असायच्या. मुलीने फोन का उचलला नाही? मीटिंग. रेग्युलेटर? बंद होता. सही? बरोबर होती. काही गोष्टी खरंच घडल्या. आईचं बीपी एकदा खरोखर वाढलं, तिला चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या चार दिवसांत मी डबे पोचवले, औषधं आणली, रात्री तिथल्या बाकावर झोपलो. वहीत बघितलं तर त्या चार दिवसांत तिसऱ्या रकान्यात फक्त दोन नोंदी होत्या. संकट दारात आलं की मी कामाला लागत होतो. माझं रक्त आटत होतं ते दारात न आलेल्या संकटापायी.

याच काळात मॅडमनी बायकोलाही बोलावून घेतलं. आमच्याकडे रोज रात्री एक ठरलेलं बोलणं व्हायचं. "अगं, रेग्युलेटर?" "केला बंद." "कडी?" "लावली हो." "नक्की?" "नक्की." ती हे वर्षानुवर्षं न कंटाळता करत आली होती. मॅडम तिला म्हणाल्या, एकदा उत्तर द्या, दुसऱ्यांदा देऊ नका. तुमच्या उत्तराने त्यांना पाच मिनिटं बरं वाटतं आणि प्रश्नाची भूक वाढते. त्या रात्री मी दुसऱ्यांदा विचारलं. ती गप्प राहिली. अंधारात तिचे डोळे उघडे दिसत होते. मी तिसऱ्यांदा विचारलं. तिने नुसता माझा हात हातात घेतला. छाती धडधडत राहिली, मग केव्हातरी थांबली. ती नंतर म्हणाली, "लग्न झाल्यापासून इतकं अवघड मला काही गेलं नव्हतं. 'लावली' म्हणणं सोपं होतं हो." अण्णांनी गोळी नाकारली आणि हिने उत्तर नाकारलं. दोघांनाही देणं सोपं होतं. माझ्यासाठी दोघांनी अवघड ते केलं.

चौथ्या खेपेला मॅडमनी विचारलं, "अकरा वर्षं, असं तुम्ही डॉक्टरांना का सांगितलंत?" आणि जे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगून बसलो.

२००५ चा पूर. पातळी तेव्हा पुढे ५३ फुटांच्या वर गेली. ती वाढत असताना एका रात्री कक्षात फोन आला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. त्यांनी गल्ली सांगितली आणि विचारलं, "आमच्याकडं येईल का हो पाणी?" मी सलग दुसऱ्या रात्री जागा होतो. त्यांच्या आवाजात भीती होती, मला ती ऐकवेना. म्हणालो, "नाही येणार आजोबा, निवांत झोपा." पहाटे त्या गल्लीत पाणी शिरलं. तिथून कुणाच्या जिवाचं बरंवाईट झाल्याचं माझ्या कानावर आलं नाही. पण ते कोण होते, वेळेत बाहेर पडले का, हे मला कधीच कळलं नाही. त्यानंतर मी कुणालाही 'निवांत झोपा' म्हणालो नाही. स्वतःलाही नाही.

मॅडम थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "त्यांना तुम्ही रीडिंग सांगितलंत की अंदाज?"

"अंदाज."

"आणि गेली अकरा वर्षं स्वतःला काय सांगताय?"

आमच्या कामात नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, की मोजलेला आकडा आणि अंदाज एका रकान्यात लिहायचा नाही. मी ते कित्येकांना शिकवलं होतं. त्या दिवशी त्या खोलीत मी बराच वेळ रडलो. त्या आवाजाचं माझ्यावरचं देणं संपलं, असं मी म्हणणार नाही. ते आहे. पण आता ते एका रात्रीचं, एका फोनचं देणं आहे. तोवर मी ते मुलीच्या फोनवर, गॅसच्या रेग्युलेटरवर, आईच्या औषधांवर, सगळ्यांवर मांडत आलो होतो.

पुढची वर्षं थोडक्यात सांगतो. दीडेक वर्षाने डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करून बंद केली. २०२० च्या उन्हाळ्यात, कोरोनात, घोर परत आला. या वेळी कुणी हाताला धरून न्यावं लागलं नाही, मी आपला आपण गेलो. पुन्हा गोळी, पुन्हा वही. असा तो येतो-जातो. आला तर मी त्याला ओळखतो. २०२२ मध्ये निवृत्त झालो. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला सरकारची 'टेली-मानस' ही फोनसेवा सुरू झाली. १४४१६ हा नंबर, दिवसरात्र, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो नंबर मी आमच्या कक्षातल्या पोरांना फळ्यावर लिहून ठेवायला सांगितला आहे, धरणांच्या नंबरांच्या खाली. पावसाळ्यात रात्र-रात्र जागणारी पोरं आहेत ती. त्यांतल्या एकाने मला घरी येऊन विचारलं, "काका, तुम्ही मिरजेला जायचा म्हणे?" मी हो म्हणालो, आणि त्याला घेऊन गेलो. माझ्याकडे स्कूटर नाही, बसने गेलो. वाटेत हळदीबद्दल मला काही बोलता आलं नाही, म्हणून त्याच्या गावच्या द्राक्षांबद्दल विचारत राहिलो.

आता थोडं मागे, २०१९.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोयना भरत आली होती. १०५ टीएमसीचं धरण, त्यातून विसर्ग, खाली वारणेचं पाणी हरिपूरला कृष्णेत उतरणारं, आणि वर पाऊस थांबायचं नाव नाही. कक्षात फोन अखंड चालू होते. "आमच्यात येईल का?" मी प्रत्येकाला आधी रीडिंग सांगितलं. मग, दर तासाला किती चढतंय ते. मग म्हणालो, "येईल का ते मी सांगू शकत नाही. पण माझं घर तिथं असतं तर मी आज सामान वर नेलं असतं आणि म्हाताऱ्या माणसांना हलवलं असतं." हे वाक्य माझ्या वहीतून आलं होतं. प्रत्येक वेळी ते बोलताना मला २००५ चे आजोबा आठवत होते.

पुलापाशी ४० लागायच्या आधीच मी अण्णांना फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना काही देत होतो. ते म्हणाले, "पातळी सांगा फक्त, बाकी मी बघतो." सांगितली. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने रात्रीतून माल माळ्यावर चढवला. इन्सुलिनचा प्रश्न होता, ते २ ते ८ अंशांत राहावं लागतं. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून त्यांनी ते आमच्या घरी पाठवलं, कारण आमचं घर उंचावर. बायकोने फ्रिजमधली भाजी काढून एक कप्पा मोकळा केला आणि दाराला चिठ्ठी लावली, 'उगाच उघडू नये'. वीज येत-जात होती. ज्यांना गरज होती ती माणसं अण्णांचा निरोप घेऊन आमच्या दारात येत होती आणि बायको वहीत लिहून एकेक कुपी देत होती. नाव, तारीख, संख्या. अण्णांनी फोनवरून तिला रकाने सांगितले होते.

८ ऑगस्टला ब्रह्मनाळजवळ माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. ती बातमी कक्षात आली तेव्हा कुणी कुणाकडे बघितलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. पण तो घोर नव्हता, ते दुःख होतं. दोन्ही एकाच छातीत राहतात, तरी वेगळी असतात, हे मला तोवर कळायला लागलं होतं. म्हणून मी गोळी शोधली नाही. जागा राहिलो.

पाणी ५७ फुटांवर गेलं आणि मग सावकाश उतरलं. शटर उघडायला मी अण्णांबरोबर गेलो. माळ्यावरचा माल वाचला होता, पण काउंटर, फर्निचर, फ्रिज, खालची कपाटं, सगळं चिखलात होतं. त्या चिखलाला एक वास असतो, तो अंगाला आठवडाभर चिकटून राहतो. दोरीला बांधलेली कात्री तिथेच लटकत होती, गंजलेली. आम्ही फावड्याने चिखल ओढत होतो. खालच्या खणातून जुन्या वह्यांचा एक गठ्ठा निघाला.

"टाकून देतो," अण्णा म्हणाले. "तीन वर्षं होऊन गेली या सगळ्यांना."

वरची वही २०१६ ची होती. मी ती उचलली. पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरून निळे-निळे डाग झालेले. मी म्हणालो, "अण्णा, एक पान बघू?" ते काही बोलले नाहीत. हात शर्टाला पुसून त्यांनी वही माझ्याकडून घेतली, नखाने पानं सोडवत सोडवत जूनपर्यंत आले आणि माझ्यापुढे धरली. त्या तारखेला माझं नाव नव्हतं. मी वरून खाली वाचायला लागलो, तसा अण्णांनी पानावर आपला चिखलाचा तळवा पसरून ठेवला.

"बाकीची नावं वाचू नका," ते म्हणाले.